शरयूताई आणि कंदिलातली माशी

शरयूताईंच्या घरात माशी मारायला बंदी आहे.

एकदा त्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी आगाशेकाका कसल्याशा कागदावर सही घ्यायला आले होते. चहाच्या कपाच्या काठावर एक बारीकशी माशी येऊन बसली. काकांनी कागदाची गुंडाळी केली आणि हात वर उचलला, तोच ताईंनी त्यांचं मनगट धरलं.

"अहो, काय करताय?"

"माशी आहे."

"दिसतंय मला. ती कामावर आहे. तुम्ही रिटायर झालात म्हणून सगळेच झाले असं समजू नका."

काका चहा न पिताच गेले. ताईंनी तो कप तसाच गॅलरीत नेऊन ठेवला. माशीसाठी.

मी आत पोळ्या लाटत होते. इतकं हसू आलं की लाटता लाटता पोळी फाटली, पण आवाज मी बाहेर जाऊ दिला नाही. मी मुळातच कमी बोलते. ताईंच्या सदाशिव पेठेतल्या घरी पोळीभाजीचं काम करते त्याला अकरा वर्षं झाली. पहिल्या दहा वर्षांत 'हो', 'नाही' आणि 'मीठ संपलंय' याच्यापुढे मी फारशी गेले नसेन. बोलायचं काम ताईंकडे.

ताई टेलिफोन ऑपरेटर होत्या. आता वय त्र्याहत्तर. पूर्वी परगावी बोलायचं तर ट्रंक कॉल लावावा लागायचा. नंबर सांगायचा आणि वाट बघत बसायचं. तिकडे कानाला हेडफोन लावून बसलेल्या बाईने वायर जोडली की बोलणं सुरू. तीन मिनिटं झाली की तीच बाई मध्ये येऊन सांगायची, "तीन मिनिटं झाली." ती बाई म्हणजे आमच्या ताई. नोकरी सुटली, पण तोंडातलं ते बोलणं काही सुटलं नाही.

दारावर कुणी आलं की आतून ओरडतात, "होल्ड करा!" भाजी कधी हवी, चहा कधी हवा, तेही त्याच भाषेत. "भाजी ऑर्डिनरी, चहा अर्जंट." फार भूक लागली असेल तर "लाइटनिंग!" म्हणजे हातातलं सगळं टाकून आधी ताट वाढायचं. असे तीन प्रकारचे कॉल असायचे म्हणे. कुणी पाहुणा जरा ऐसपैस टेकून बसला, की घड्याळाकडे न बघता ताई म्हणतात, "तीन मिनिटं झाली." पाहुणा चप्पल शोधायला लागतो. त्यांचा भाचा बंगळुरूला असतो. तो दिवाळीला फोन करतो. त्यालाही तीन मिनिटं झाल्याचं सांगतात आणि ठेवून देतात.

त्यांच्याकडे अजून जुना, तारेचा फोन आहे. रोज सकाळी रिसीव्हर उचलून कानाला लावतात, आतला आवाज ऐकतात आणि म्हणतात, "लाइन जिवंत आहे." तो फोन वाजताना मी अकरा वर्षांत फार तर दहा-बारा वेळा ऐकला असेल.

आता गॅलरीकडे वळते, कारण खरी गंमत तिथे आहे.

मी कामाला लागले तेव्हा गॅलरीत पाच कुंड्या होत्या आणि पाचही रिकाम्या. नुसती कोरडी माती. प्रत्येक कुंडीत आइस्क्रीमची काडी खोचून तिच्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं, 'कुंडी रिकामी नाही.' भिंतीवर एक मोठी पाटी, 'आत झोपले आहेत. पाणी घालू नये. घातल्यास जाब विचारला जाईल.'

माझी शाळा चौथीपर्यंतच झाली, पण पाटी मला नीट वाचता आली होती. तरीही वैशाखात एक दिवस राहवलं नाही. माती अशी भेगाळलेली, ऊन असं रणरणतं, आणि ताई दोन दिवस कुणाच्या मुंजीला गेलेल्या. मी आपली दया येऊन दोन कुंड्यांत तांब्या तांब्या पाणी घातलं. दोन्ही दिवस घातलं.

ताई आल्या, मातीत बोट घातलं आणि माझ्याकडे वळल्या.

"सुमनबाई, तुमचे मालक दुपारी झोपतात का?"

"हो."

"घोरतात?"

"हो."

"मग उघड्या तोंडात तांब्याभर पाणी ओतता का त्यांच्या?"

त्या दोन कुंड्यांतले कंद कुजले. ताई मला एवढंच बोलल्या, बाकी काही नाही. पण ती कुंडी-जोडी त्यांनी वर्षभर हलवली नाही. फक्त जुन्या काड्या काढल्या नि नवीन लावल्या, 'येथे होते.' मी रोज पोळ्या झाल्या की तिकडे न बघता पदर खोचून खाली उतरायची.

उरलेल्या तीन कुंड्या आषाढात जाग्या झाल्या. मातीतून एक हिरवी सुतळी वर आली, काठीला वेटोळं घालून चढली, आणि श्रावण संपता संपता फुलली. बोटाच्या पेराएवढं फूल. खाली फुगीर, मध्ये निमुळती नळी, वर पाच पाकळ्या टोकाशी एकमेकींना चिकटलेल्या आणि त्यांच्यामध्ये पाच खिडक्या. हुबेहूब कंदील.

"कंदीलपुष्प," ताई म्हणाल्या. कुजबुजत म्हणाल्या, देवळात असल्यासारख्या. "आपल्या सह्याद्रीतलं आहे. पावसाळ्यात उठतं, दिवाळीनंतर झोपतं. फार थोडं राहिलंय हो. माहितगार माणसं लांबून बघून हात जोडतात याला."

मी "हो" म्हटलं. आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

कारण ही आमची खरपुडी होती! माझं माहेर वेल्ह्याकडच्या डोंगरात. गुरं राखायला गेलं की आम्ही पोरी देवळामागच्या माळावर काठीने माती उकरायचो, खालचा कंद काढायचो आणि कराकरा खायचो. वेल दिसला रे दिसला की खाली हात. फुलाकडे कोण बघतंय? आणि इथे ताई त्याच्यापुढे हात जोडून उभ्या. मी सांगणार काय? कपाळ?

त्यातून ताई कडक. ही झाडं त्यांनी डोंगरावरून आणलेली नव्हती. घरी लावणाऱ्या एका ओळखीच्या बाईंनी पाकिटातून पाच बिया दिल्या, त्यांची ही पाच झाडं. कुणी म्हणालं, "आम्ही ट्रेकला जातोय, उपटून आणू का एखादं?" तर ताई म्हणायच्या, "डोंगर म्हणजे मंडई नाही. आणलंत तर दार उघडणार नाही." अशा बाईंना मी सांगायचं, की आम्ही कंद खात होतो म्हणून? दहा वर्षं मी ते पोटात ठेवलं.

झाडं दर वर्षी फुलायची, पण शेंग काही धरायची नाहीत. शेंग नाही तर बी नाही, आणि बी नाही तर पुढे काही नाही. ताईंना दुसरं काही नको होतं, एक शेंग हवी होती. म्हणून त्यांनी पुस्तकं आणून वाचली, भिंग लावून फुलाच्या आत बघितलं, रंगाच्या ब्रशमधला एकच केस काढून त्याने काय काय करून पाहिलं. सगळं फुकट. शेवटी त्यांना कळलं, की हे काम माणसाचं नाहीच, माशीचं आहे.

मला त्यांनी पाटावर बसवून समजावलं. मोहरीएवढी माशी वासाने खिडकीतून आत शिरते आणि नळीतून खाली घसरते. आतले केस उलट्या बाजूने असतात, त्यामुळे तिला वर येता येत नाही. एक मुक्काम घडतो. दुसऱ्या दिवशी केस सुकतात, माशी सुटते आणि या फुलाचा निरोप अंगावर घेऊन त्या फुलात जाते.

"म्हणजे माशी कोण, सुमनबाई?"

उत्तर त्यांनीच दिलं.

"ऑपरेटर! दोघांचं बोलणं जोडून देते आणि बाजूला होते. ती नसेल तर ही दोन फुलं शेजारी शेजारी राहून सुकतील, पण बोलायची नाहीत." मग भिंग पुसत म्हणाल्या, "बोलणं झाल्यावर ऑपरेटरला कोण विचारतं म्हणा."

तेव्हापासून घरात माशी मारायला बंदी.

पण तिसऱ्या मजल्यावर मोहरीएवढी माशी येईना. एक दिवस ताई स्वयंपाकघरात आल्या, आतून दार लावलं, आणि कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात न खाणाऱ्या बाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "सुमनबाई, तुमच्याकडे ते... वासाचं... वाळवलेलं असतं ना?"

"सुकट?"

"हळू बोला! तेच. पिशवीत पिशवी, त्यात पिशवी, असं आणा."

मी आणली. ताईंनी चिमट्याने धरून, तोंड दुसरीकडे वळवून, ती एका जुन्या बशीत कुंड्यांशेजारी ठेवली. अर्ध्या तासात खालच्या मजल्यावरच्या खिडक्या धडाधड बंद झाल्या. शेजारची मांजर आली. माश्याही आल्या, पण हिरव्या-निळ्या, फोफशा एकेक. फुलाच्या खिडकीत त्यांचं डोकंसुद्धा मावेना. ताई त्यांना हाताने उडवत म्हणत होत्या, "राँग नंबर! राँग नंबर!"

आगाशेकाका वर आले ते नाकाला रुमाल लावूनच.

"शरयूताई, ही सदाशिव पेठ आहे."

"चौकातली पाटी वाचलीय मी."

"लोकांच्या घरी गणपती येणार आहेत. पाहुणे येणार आहेत. तीन वर्षं तुमचे हे माश्यांचे प्रकार सगळे सहन करतायत. घरचे गणपती उठले की मी माणसं घेऊन येतो आणि गॅलरीतल्या कुंड्या उचलतो. मीटिंगमध्ये ठरलंय."

काका गेले. ताईंनी बशी कागदात गुंडाळली. मग कुंडीच्या कडेला हात ठेवला.

"कंद म्हातारे झालेत," त्या म्हणाल्या. "दोन गेलेच होते, गेल्या वर्षी आणखी एक उठला नाही. या दोघांचंही सांगता येत नाही, आणि यांची देखभाल करणारीचंही. यंदा जोडलं तर जोडलं."

दोन गेलेच होते. ते दोन माझे. मी लाटणं खाली ठेवलं.

"ताई," मी म्हणाले, "माझ्या माहेरी गोठ्यात मोहरीएवढ्या माश्या असतात. वासराच्या डोळ्यांभोवती. मी आणते."

एका दमात एवढं बोलण्याची माझी पहिलीच वेळ. ताई माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जशी काही कुंडीच बोलली.

रविवारी सकाळच्या एसटीने मी माहेरी गेले. गोठ्यात शिरून, बरणी हातात धरून, वासराच्या तोंडापुढे उकिडवी बसले. दादा दारात येऊन उभा राहिला.

"काय गं, पुण्यात माश्या मिळत न्हाईत व्हय?"

"मोठ्या मिळतात. या नाही मिळत."

"आगं, लोकं म्हायेरातनं तांदूळ नेत्यात, वालाचं बिरडं नेत्यात," वहिनी म्हणाली. "तू माश्या न्हेतीयास. सासरची काय म्हणतील आमाला?"

पण हसता हसता तिनेच पदर धरून वीसेक माश्या बरणीत हाकलल्या. वर पातळ फडकं बांधलं. गाडीला वेळ होता म्हणून मी देवळामागच्या माळावर गेले. म्हटलं, एखादी खरपुडी दिसते का बघावी. माळ राहिलाच नव्हता. जेसीबीने सपाट करून, रस्ते आखून, तारेचं कुंपण घातलं होतं. फक्त देवळाच्या पाठचा उतार तेवढा शिल्लक होता, कारण तिथे घर बांधता येणार नाही. तोही मी सगळा फिरले. एकही वेल नाही. जेसीबी आता आला. पण उतारावरच्या कुणी खाल्ल्या, ते मला माहीत होतं.

एसटीत कंडक्टर म्हणाला, "मावशी, बरणीत काय?"

"माश्या."

"कशाच्या?"

"कशाच्या म्हणजे? माश्या!"

शेजारची बाई उठून दुसऱ्या बाकावर गेली. मला हात-पाय पसरून बसायला मिळालं. बरणी मांडीवर, वरून पदराची सावली. कात्रज येईपर्यंत मी दर पाच मिनिटांनी फडक्यातून बघत होते, किती उठून बसल्यात आणि किती पडल्यात. एवढी काळजी मी स्वतःची पोरं दवाखान्यात नेतानासुद्धा केली नसेल.

ताईंनी तयारी करून ठेवली होती. गॅलरीत मच्छरदाणी बांधली होती आणि तिच्यात दोन्ही कुंड्या, एक स्टूल, भिंग आणि पाण्याची बाटली. स्वतः बरणी घेऊन आत शिरल्या आणि फडकं सोडलं. माश्या बाहेर आल्या. काही ताईंच्या चष्म्यावर बसल्या, काही नाकावर. ताई हलल्या नाहीत.

समोरच्या गॅलरीतून आगाशेकाका बघत होते.

"शरयूताई! मच्छरदाणी किडे बाहेर ठेवायला असते!"

"ही आत ठेवायला आहे!" ताई ओठ न हलवता म्हणाल्या. ओठावरही एक बसली होती.

मी जाळीला नाक लावून उभी. पाव तास गेला, अर्धा गेला. मग एक माशी, ही एवढीशी, वेलीवर उतरली. चालत चालत कंदिलापाशी आली. खिडकीत डोकं घातलं, बाहेर काढलं, पुन्हा घातलं. आणि ती आत! अशी आत, की जणू तिला कुणीतरी हाक मारली होती.

ताईंनी टाळी वाजवायला हात वर नेले, आणि दुसऱ्या घाबरतील म्हणून तसेच हवेत ठेवले.

"लाइन लागली," त्या पुटपुटल्या. "सुमनबाई, लाइन लागली हो!"

पुढे गणपती आले. ताई रोज भिंग लावून बघत आणि मला काही सांगत नसत. मी विचारत नसे. पोळ्या मात्र त्या दिवसांत फार जाड व्हायच्या, माझं लक्ष सगळं गॅलरीत.

विसर्जनाच्या दिवशी पेठेतले सगळे रस्ते बंद असतात, त्यामुळे मला दर वर्षी सुट्टी असते. दुपारी घरी तांदूळ निवडत बसले होते. मोबाइल वाजला. वर नाव आलं, 'ताई घर.' अकरा वर्षांत ताईंनी मला कधी फोन केला नव्हता. ताट मांडीवर तसंच ठेवून मी फोन उचलला.

"हॅलो, सुमनबाई? होल्ड करा, खिडकी लावते!" मागे ढोल-ताशे धडधडत होते. "हां, बोला. म्हणजे मी बोलते. शेंगा धरल्या!"

"काय?"

"शेंगा! दोन! अशा शिंगांसारख्या, बारीक, हिरव्यागार! आठ दिवसांपासून वाटत होतं मला, पण म्हटलं खात्री होईपर्यंत सांगायचं नाही!"

ताटातले तांदूळ सगळे खाली सांडले. मग एकदम आठवलं. "आणि आगाशेकाका? कुंड्या?"

"आले होते ना सकाळीच, दोन माणसं घेऊन. मी काही बोलले नाही. भिंग हातात दिलं. दहा मिनिटं बघत होते वाकून. म्हणाले, पिकेपर्यंत राहू द्या. पण सुकट बंद."

"भाच्याला कळवलंत का?"

ढोल ऐकू येत होते.

"डायरी काढून बसले होते मघाशी. नंबर पुष्कळ आहेत हो. जन्मभर नंबरच लावले. पण ही बातमी कुणाला सांगितली तर कळेल, असा काही सापडेना. तुमचा होता, पण तुम्हाला सुट्टी. म्हटलं, त्रास कशाला द्यायचा. अर्धा तास तशीच बसले, आणि मग लावलाच."

मला काय झालं कोण जाणे. समोर माणूस नसल्यामुळे असेल.

"ताई," मी म्हणाले, "आम्ही लहानपणी हे खायचो."

"काय खायचात?"

"याचे कंद. उकरून. डोंगरावर."

पलीकडे नुसते ढोल. लाइन तुटली असं वाटलं. "ताई?"

"होल्ड करा." मग बऱ्याच वेळाने, "किती खाल्लेत?"

"मोजले नाहीत. टोपलीभर तरी असतील."

"टोपलीभर!"

"आता तिथे एकही नाही, ताई. मी मागच्या खेपेला बघून आले. देवळामागचा उतार तेवढा राहिलाय."

"मग हे बी त्या उतारावर. तुम्ही लावायचं. खाल्लंत तुम्ही, लावणारही तुम्ही. टोपली भरेपर्यंत."

"हो."

"आता सांगा." ताईंचा आवाज एकदम खाली आला, सुकट मागताना झाला होता तसा. "लागतो कसा?"

मी सांगितलं. परकराला माती पुसायची, दातांनी साल सोलायचं. काकडीसारखा कुरकुरीत, पाणीदार, आणि शेवटी ओल्या शेंगदाण्यासारखी गोडी. ताईंनी विचारलं, बरोबर कोण असायचं? मी बाळीचं सांगितलं, जी एका बैठकीत सात खायची. काठी कुठली घ्यायची, गुरं कुठे जायची, एकदा पाऊस लागून आम्ही देवळात कशा अडकलो, सगळं सांगत सुटले. मी एवढी कुणाशी बोललेच नव्हते कधी.

मध्येच माझी नजर घड्याळाकडे गेली. वीस मिनिटं होऊन गेली होती. आता ताई 'तीन मिनिटं झाली' म्हणणार, म्हणून मी आपणहूनच गप्प झाले.

"का थांबलात?" ताई म्हणाल्या. "बोला की. लाइन मोकळी आहे."